बाभळीवरची टिकली

“कुंदाताई, पेढे काढा! तुमचं ‘वळण’ गेलं!”

पाध्ये सर हॉलच्या दारातच उभे होते. मी एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच राहिली.

“गेलं म्हणजे?”

“म्हणजे घेतलं हो कुणीतरी! मी जेवून येतो, बघतो तो काय, काचेवर लाल टिकली!”

मी तशीच एका चपलेनिशी आत पळाले. चित्रं बघायला आलेली माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. बघू देत, म्हटलं. खिडकीशेजारच्या भिंतीवर माझी तीन चित्रं होती आणि मधल्या चित्राच्या काचेवर, उजवीकडं खाली, बाभळीच्या बुंध्यापाशी खरंच लाल ठिपका होता. मला रडूच फुटलं. पदर तोंडात कोंबला आणि तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले.

ह्याला आता तीसएक वर्षं झाली. कराडात तेव्हा चित्रांचं प्रदर्शन म्हणजे पाध्ये सर आणि आमची रविवारची मंडळी, बाकी नाव नको. सर शाळेतून ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झालेले. दर रविवारी पाच-सहा हौशी माणसं गोळा करायची, जीपमध्ये कोंबायची आणि कधी प्रीतिसंगमावर, कधी सदाशिवगडाखाली नेऊन बसवायची, हा त्यांचा उद्योग. वर्षातून एकदा वाचनालयाचा हॉल मागून ती सगळी निसर्गचित्रं मांडायची. चित्र विकलं गेलं की त्यावर लाल ठिपका चिकटवतात, ही मोठ्या शहरातली पद्धतही सरांनीच आणली. तसले ठिपके काही कराडात मिळेनात. मग मुकुंदा वेल्हाळनं बायकोचं टिकल्यांचं पाकीटच उचलून आणलं. त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि प्रदर्शनाचं टेबल तो सांभाळायचा. काचेच्या उजव्या कोपऱ्यात टिकली लागली की चित्र गेलं. मग आम्ही त्या चित्रकाराला “जमलं बरं का हिचं लग्न” म्हणून दिवसभर पिडायचो.

मला मात्र गमतीत भाग घ्यायला जीव नव्हता. मला एक तरी टिकली पाहिजेच होती.

ह्यांना जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. मूलबाळ नाही. घरात मी, आत्या आणि मामा. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा. मामा माणूस वाईट नव्हते, पण एकदा बोलले की काळ्या दगडावरची रेघ. विधवा सून परक्या पुरुषांबरोबर जीपमधून फिरते, रस्त्याकडेला छत्री लावून बसते, हे त्यांच्या कानावर रोज कुणी ना कुणी घालायचंच. कराडातल्या लोकांना दुसरी कामं थोडीच होती! संक्रांत झाल्यावर एक दिवस मामांनी मला समोर बसवलं.

“ह्या चित्रांचं करायचं काय असतंय?”

“घरात लावायची असतात, मामा. भिंतीवर.”

“कोण लावतंय तुझी?”

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

“बरं. ते परदर्शन का काय भरतंय, त्यात मांड. एका जरी परक्या माणसानं तुझं चित्र आपल्या घरात लावायला नेलं, तर मी म्हणंन ह्यात कायतरी हाय. पुन्हा तोंड उघडणार न्हाई. न्हाईतर ती रंगाची पेटी माळ्यावर. कबूल?”

“कबूल,” मी म्हणाले.

दुसरं काय म्हणणार? पण पेटी माळ्यावर गेली की मी संपले, हे मला स्वच्छ दिसत होतं. बोलायची रीत म्हणून असं म्हणत नाही मी. खरोखरच संपणार होते. जेवताना, भांडी घासताना, आत्यांचे पाय चेपताना माझ्या डोक्यात एकच घोष चालायचा, देवा, एक टिकली दे.

म्हणून ती दिसल्यावर रडले. रडून झालं, नाक पुसलं आणि टेबलापाशी गेले.

“मुकुंदभाऊ, कुणी घेतलं हो?”

“मला काय माहीत? सरांनी लावली ना टिकली?”

“मी कशाला लावतोय?” सर म्हणाले. “पाकीट तुझ्या खणात.”

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मुकुंदानं खण ओढला, पाकीट बाहेर काढलं, परत आत टाकलं. “मी नाही बुवा लावली. मघाशी बघितली तर मला वाटलं सरांनीच कुणाला तरी…” बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. “सर, ती साताऱ्याची बाई येऊन गेली की हो!”

साताऱ्याची बाई म्हणजे कारखानीस नावाच्या एक रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका. भाचीकडं आल्या होत्या. पहिल्या दिवशी प्रदर्शनाला आल्या आणि ‘वळण’समोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. चित्रात काय होतं? ढेबेवाडीच्या रस्त्यावर आगाशिवाच्या डोंगराला वळसा घालणारं एक वळण, कडेला बाभळ, बाभळीची सावली रस्त्यावर पडलेली. माणूस नाही, गाडी नाही, गुरंढोरं नाहीत. बाई मला म्हणाल्या होत्या, “इथून कुणीतरी आत्ताच गेलंय असं वाटतं गं.” माझ्या अंगावर काटा आला होता. जाताना म्हणाल्या, “साताऱ्याला परत जाईन त्या दिवशी येते. बहुतेक नेईनच.” तीन दिवसांत माझ्या चित्राला विचारणारं ते एकच माणूस.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“चित्रापाशी गेल्या. टिकली बघितली. ‘अरेरे, उशीर केला मी,’ म्हणाल्या. मी म्हटलं, हो, गेलं ते, दुसरं बघा की. तर नको म्हणाल्या. खूप हळहळल्या हो. एसटी गाठायचीय म्हणून लगोलग निघाल्या. ताई, मला काय ठाऊक…”

पुढचं मी ऐकलंच नाही.

फाल्गुनातली दुपार, डांबर नुसतं तापलेलं. माणसांतून, हातगाड्यांतून वाट काढत मी स्टँडकडं पळत सुटले. एक पाय चपलेत, एक भाजतोय. कुणीतरी हाक मारली, कोण ते बघितलं नाही. स्टँडात शिरले तेव्हा साताऱ्याची गाडी फाटकातून बाहेर वळत होती. मागच्या खिडकीत पांढरा अंबाडा दिसला. त्यांचाच असेल, नसेल. मी हात हलवत गाडीमागं धावले.

“बाई! अहो बाई! ती टिकली खोटी आहे!”

फलाटावर बसलेली माणसं खदाखदा हसली. गाडी गेली.

“आवं, पुढची हाय की आत्ता,” एक कंडक्टर म्हणाला. “कशाला जिवाचा आटापिटा करताय?”

पुढची घेऊन मी करणार काय होते? साताऱ्यात कुठल्या पेठेत त्यांचं घर, काही माहीत नव्हतं. भाची कोण, तेही नाही. बाकावर बसले. कुणी केलं असेल हे? कुणाच्या पोटात दुखलं? आमच्या मंडळींतली एक एक तोंडं डोळ्यांपुढं आणली, एकाचंही तसं वाटेना. मग तोही विचार सुटला. कुणी का केलं असेना, झालं ते झालं. संध्याकाळी मामा चित्रं बघायला येणार होते. आज प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. उद्या पेटी माळ्यावर. विषय संपला.

स्टँडाबाहेर वडापच्या जीपवाल्याची आरोळी चालली होती. “ढेबेवाडी, ढेबेवाडी, कोळे, ढेबेवाडी!”

मी उठले आणि जीपपाशी गेले. माझी पेटी जवळ नव्हती, कागद नव्हता. पेटीशिवाय त्या वळणावर जायचं मला एकच कारण होतं. मन अगदी शांत झालं होतं, त्याची आज आठवण झाली तरी भीती वाटते.

“बसा ताई, एकच जागा हाय,” जीपवाला म्हणाला. मी पायरीवर पाय ठेवला. त्यानं खाली बघितलं. “आवं, एक चप्पल कुठाय तुमची?”

“हॉलवर राहिली.”

“मग घिऊन या की! ऊन किती हाय. मी थांबतो, अजून भरायची हाय गाडी.”

आत्ताच तर एकच जागा म्हणत होता, मेला! पण त्यानं असं म्हटलं आणि मी खरंच चप्पल आणायला परत फिरले. का फिरले, मला अजून सांगता येत नाही. पाय पोळत होता, एवढं मात्र खरं.

हॉलवर पोचले तर संध्याकाळी येतो म्हणणारे मामा आधीच येऊन बसले होते. बरोबर आत्याही होत्या. पाध्ये सर त्यांच्यापुढं हात चोळत उभे होते आणि मुकुंदा टेबलामागं तोंड लपवत होता.

“ह्या टिकलीचा अर्थ चित्र गेलं आसा, म्हणं,” मामा मला म्हणाले. “मग ह्ये मास्तर आसं का तोंड करून हुबं हायत? कुणी नेलं?”

“कुणी नाही, मामा. कुणीतरी चेष्टा केली. घेणारी बाई टिकली बघून माघारी गेली.”

बोलता बोलता माझा तोल गेला. पुढं झाले आणि ती टिकली नखानं ओरबाडली. ती निघाली नाही, काचेवर फरफटली. माझं बोट लाल झालं. ती टिकली नव्हतीच. मेणावर लावलेलं कुंकू होतं. आणि खाली मेण, वर कुंकू असं अजून लावणारं आमच्या घरात एकच माणूस होतं.

“आत्या?”

“का गं?” आत्या म्हणाल्या. “मीच लावलं. तू घरी सैपाकात हुतीस तवा शेजारच्या पारूसंगं येऊन गेले. म्हटलं, सांजच्याला ह्यांच्याबरोबर यायचंच हाय, पर आदी एकटीनं बघावं.”

“पण कुंकू का लावलंत?”

“आता गं बया! समद्यांच्या चित्रास्नी कुंकू लावल्यालं. तुझंच मोकळ्या कपाळानं हुबं. मला न्हाई बघवलं.” असं बोलून गेल्या, मग माझ्या कपाळाकडं त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी जीभ चावली.

पाध्ये सर मटकन खुर्चीत बसले. मुकुंदानं पुढं येऊन, आजी, ते कुंकू नव्हे, टिकली लावली म्हणजे चित्र विकलं, असं सगळं समजावून सांगितलं. आत्या ऐकत होत्या. हळूहळू त्यांना उमगलं.

“म्हंजी माझ्यापायी गिऱ्हाईक गेलं?”

मुकुंदा परत टेबलामागं गेला.

“झालं ते झालं,” मामा म्हणाले. “पर ठरलं ते ठरलं. परक्या माणसानं न्यायला पायजे हुतं. न्हाई नेलं.”

“बरं,” मी म्हणाले आणि चप्पल शोधायला दाराकडं वळले. ती जीप थांबलेली असेल, एवढंच डोक्यात होतं.

“थांब गं कुंदा!” आत्या कडाडल्या. त्यांचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “आवं, कुंकू लावलं का चित्र दिलं, आशी हितली रीत हाय न्हवं? मग लावलं कुणी? मी. म्हंजी माझं झालं. मी नेणार ते.”

“तू घरचीच की,” मामा म्हणाले.

“मी घरची? आन् कवाधरनं? लगीन होऊन आले त्याला जलम झाला. जरा भांडाण झालं का ‘परक्याची लेक’ म्हणून कोण वराडतंय? माझ्याएवढं परकं माणूस अख्ख्या कराडात गावंल का तुमास्नी?”

मुकुंदाला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घालवलं. मामा संतापले. “चार माणसांत काय बोलतीस ह्ये!”

“चार माणसांतच सांगते. एकटीचं कवा ऐकलंसा?”

मामा उठले. वाटलं, आता तरातरा निघून जातात. पण ते चित्रापाशी गेले. मघापासून टिकलीकडं बघत होते, चित्र त्यांनी बघितलंच नव्हतं. काठी भिंतीला टेकवली, चष्मा लावला आणि वाकले. किती तरी वेळ तसेच वाकून राहिले.

“तीन चित्रं हायती हिची,” ते म्हणाले. आवाज वेगळाच झाला होता. “ह्यालाच का लावलंस कुंकू?”

आत्यांचा सगळा ताठा गेला. “तुमी वळखली न्हाई व्हय? सर्जाची बाभळ हाय ती.”

सर्जेराव हे ह्यांचं नाव. त्या वळणावर उसाच्या ट्रकनं ह्यांच्या मोटारसायकलला उडवलं होतं आणि त्या बाभळीखाली लोकांनी ह्यांना उचलून ठेवलं होतं. मामा गेले होते आणायला. आम्हा बायकांना कुणी नेलं नाही. पाध्ये सरांना, मुकुंदाला, कुणालाच मी हे सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते एक छानसं निसर्गचित्र होतं. सरांनी हळूच मुकुंदाच्या दंडाला धरलं आणि दोघं बाहेर व्हरांड्यात गेले.

“मला कुणी दावली न्हाई ती जागा,” आत्या सांगत होत्या. “माहेराला जाताना एस्टी तिथनं जाती, मी डोळं मिटून बसते. एकदाच उघडलं. तवा बघितली बाभळ. माझं लेकरू पडलं तिथं कुणी दिवा लावला न्हाई, का कुंकवाचं बोट वढलं न्हाई. आज समूर दिसली. माझ्या हातनं ऱ्हावलं न्हाई.”

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि त्यांचा हात हातात घेतला.

मामा भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, “मला ठावं हुतं.”

“काय, मामा?”

“तू तिथं जातीस ते. वडापवाला म्हादू सांगायचा. सर्जाच्या वळणावर तुमची सून बसल्याली असती. रविवारचं न्हवं ते, त्याच्या आदीपासनं. म्हणून म्हटलं पेटी माळ्यावर टाक. लोकांचं काय, लोक बोलत्यातच.” ते वळले. त्यांचा चष्मा हातात होता आणि डोळे लाल झाले होते. “कुंदा, देवाशपथ सांग. तिथं कशाला जायचीस?”

सव्वा वर्ष कुणी हे विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काहीतरी थाप मारली असती. त्या दिवशी थाप सुचली नाही.

“मरायला गेले होते, मामा.”

आत्यांचा हात माझ्या हातात होता तो एकदम आवळला.

“ह्यांचे दिवस झाले आणि पंधरवड्यानं. आत्यांना काय सांगून बाहेर पडायचं, म्हणून शाळेतली रंगाची पेटी ट्रंकेतून काढली. म्हटलं, चित्र काढून येते. बाभळीखाली बसले. उसाचे ट्रक एकामागून एक येत होते. हा जाऊ दे, पुढचा येऊ दे, असं करत बसून राहिले. हात नुसते थरथरत होते. त्यांना काहीतरी काम पाहिजे म्हणून पेटी उघडली. सावली रस्त्यावर पडली होती, तेवढीच काढू म्हटलं. पण पाण्याचे रंग असतात, मामा. खालचा वाळल्याशिवाय वर दुसरा देता येत नाही. तो वाळेपर्यंत सावली सरकली. चित्र अर्धंच राहिलं. तीच सावली पाहिजे तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला यायला लागतं.”

“मग?”

“मग घरी आले.”

“आनि दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशीही पुरं झालं नाही.”

“मुडदा बशिवला तुझा!” आत्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की हॉलभर आवाज घुमला. मग मला जवळ ओढलं आणि मोठ्यानं रडायला लागल्या. मी रडले नाही. सांगून टाकल्यावर अंगातलं सगळं बळच गेलं होतं, नुसती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून पडून राहिले. बाहेर वडापवाल्यांची आरोळी चालूच होती.

मामा समोरच्या बाकावर बसले. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. परत पुसलं. मला वाटलं, आता ते पेटीचं काहीतरी म्हणतील, नाहीतर मला माहेरी धाडायचं म्हणतील.

“आत्ता एखादं अर्धं हाय का?” त्यांनी विचारलं.

“चित्र?”

“व्हय.”

“आहे. संगमावरचं. पाणी राहिलंय त्यातलं.”

“ते पुरं करू नगंस,” मामा म्हणाले. “म्हंजी कर. पर आदी दुसरं काढायला घे, मग ते पुरं कर. एक कायम अर्धं असू दे, पोरी.”